दोन कापूस

घाटंजीच्या एका जिनिंग कारखान्याला मी वजनकाट्याचा प्रोग्राम लिहून दिला होता. सी भाषेत, आणि जरा गुर्मीतच. काटे दोन होते, एक येणाऱ्या कापसाचा, दुसरा बाहेर जाणाऱ्या गाठींचा. प्रोग्राम मात्र एकच, एकाच कॉम्प्युटरवर दोनदा चालवलेला. तो सांभाळायचे तिथले म्हातारे चाचा. त्यांची उमर ट्रॅक्टरची इंजिनं खोलण्यात गेलेली.

एका सकाळी गाठींचा काटा अडकला. मी शिकवल्याप्रमाणे चाचांनी चालू प्रोग्रामांची यादी उघडली. तिथे 'काटा' नावाचे दोघं बसलेले. त्यांनी अंदाजानं एक बंद केला, तो नेमका धड चाललेला निघाला. कापसाचे ट्रॅक्टर फाटकापर्यंत तुंबले आणि पांढरकवड्याला मला फोन आला.

मी एसटीनं पोचले. चाचांनी आधी चहा पाजला, मग शांतपणे विचारलं, "बेटा, जुळे झाले तरी माय दोन नावं ठेवते. तू काहून नाही ठेवले?"

मी सांगितलं की प्रोग्रामला फाइलचं नाव आपोआप लागतं, पण चालता चालता तो स्वतःचं नाव विचारू शकतो, बदलूही शकतो. हे मला ठाऊक असून मी केलं नव्हतं. चाचांनी बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला.

दोन ओळी वाढवून मी नावं दिली, 'कापूस आवक' आणि 'कापूस जावक'. यादी उघडली तर तिथे कापूस, आणि खाली पुन्हा कापूस.

कारण सापडायला अर्धा तास गेला. तो कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स अशा नावाला पंधराच बाइट देतं, पुढचं कापून टाकतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. चाचांनी माझ्यासोबत बोटांवर मोजलं: क, काना, प, ऊकार, स. झाले पंधरा.

"म्हंजे पाच सवारीचा ऑटो हाय," ते म्हणाले, "अन् तू कापसालेच पाचही सीटा देल्या."

मग नुसतं 'आवक' आणि 'जावक' ठेवलं. मावलं.

पुढच्या आठवड्यात चाचांचा पुन्हा फोन. जावक अडकला होता. मी बॅग शोधू लागले, तर म्हणाले, येऊ नको, मी बरोबर तोच बंद करून चालू केला. मला आनंद झाला, थोडा हिरमोडही.

"पन बेटा," चाचा म्हणाले, "नाव तं झालं. तो अडकते काहून, ते कवा पाह्यशीन?"

मी दुपारची एसटी पकडली.