ईस्टर्न एक्स्प्रेसच्या गावडेबाई

पहिल्या आलेल्या मुलाचं कौतुक गावडेबाईंनी कधी केलं नाही. मुलुंड पूर्वेच्या शाळेत त्यांनी हयातभर पी.टी. शिकवली. दर क्रीडादिनाला कुणाचे तरी आईवडील गळ्यात पदक घातलेलं कार्टं पुढे करायचे आणि लाडिकपणे विचारायचे, "बाई, हा पुढे जाईल ना हो?" बाई पोराला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायच्या. "अजून शेंबूड पुसता येत नाही त्याला, आत्ताच काय सांगू?" आईवडिलांचं तोंड एवढंसं व्हायचं. त्यातून एखाद्याने मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण काढलीच, तर मग विचारायलाच नको. "पाळण्यात पाय दिसतात. चाल दिसते का? मग उगाच त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका."

रत्नप्रभा गावडे हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त रेशनकार्डावर. बाकी सगळ्यांच्या त्या बाई. नियमाच्या इतक्या पक्क्या की लांब उडीत सख्ख्या भाच्याचा अंगठा रेषेला लागला म्हणून त्यांनी त्याला बाद केलं, आणि बहीण दोन दिवाळ्या त्यांच्याशी बोलली नाही. बाईंनी बोलायला सांगितलंही नाही. शब्द दिला की दिला, शिटी वाजली की वाजली.

एके काळी त्या स्वतः धावायच्या. वडील लालबागच्या गिरणीत होते, गाव कुडाळच्या बाजूचं. चौदाव्या वर्षी आठशे मीटरला त्यांच्या वयाची एकही मुलगी त्यांच्या पुढे जात नव्हती. सोळाव्या वर्षी दोन शर्यती लागोपाठ हरल्या, तेव्हा प्रशिक्षकाने सगळ्या मुलींसमोर सांगितलं, "रत्नाचं जे काय होतं ते लवकर होऊन गेलं," आणि संघातून नाव काढलं. तो माणूस कधीच वारला. बाईंना त्याचा राग अजून येतो, आणि तो कमी व्हावा असं त्यांना मुळीच वाटत नाही.

अशा बाई रेसच्या घोडीच्या मालकीण झाल्या, याचं श्रेय त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला, श्रेयसला. तो अंधेरीच्या एका ऑफिसात संगणकाचं काम करायचा आणि शनिवार-रविवार महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर असायचा. एक दिवस त्याने टूम काढली की चौघांनी मिळून घोडी घ्यायची. तो स्वतः, त्याच्याच वर्गातली श्वेता, बाईंच्या शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले नंदकिशोर प्रधान, आणि बाई. प्रधानांना वाटलं, बाई त्याला हाकलून देतील. बाई म्हणाल्या, "धावते ना? मग चल, बघू."

घोडी चणीने लहान होती, म्हणून त्यांना परवडली. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका. मुलुंडच्या बाजूने जाणाऱ्या हमरस्त्यावरून श्रेयसने तिचं नाव ठेवलं ईस्टर्न एक्स्प्रेस. बाई तिला तायडी म्हणायच्या. ट्रेनर मिथुन राठोड हा शिस्तीचा माणूस. पहिल्याच दिवशी त्याने चौघांना बजावलं, "घोडीला बघा, हात लावा, फोटो काढा. खायला मात्र काही द्यायचं नाही. एक दाणासुद्धा नाही." चौघांनीही शाळेतल्यासारख्या माना डोलावल्या.

आणि तायडी जिंकली! हजार मीटरच्या पहिल्याच शर्यतीत ती सुटली ती सुटलीच. बाराशेच्या दुसऱ्या शर्यतीत तर मागचा घोडा पाच घोड्यांच्या लांबीइतका मागे होता. मुलुंडमध्ये पेढे वाटले गेले. भाजीवालाही बाईंना "आमची घोडी काय म्हणते?" असं विचारू लागला. श्रेयसच्या तोंडी सगळ्यात मानाची शर्यत, डर्बी आली. बाई तेवढ्या गप्प होत्या. "हजार-बाराशे मीटर म्हणजे काय रे? ती तर उडी झाली."

दुसऱ्या विजयानंतरच्या रविवारी राठोडचा फोन आला, तेव्हा चौघंही बाईंच्या घरी चहाला बसले होते. श्रेयसने फोन स्पीकरवर टाकला.

"मी सरळ बोलतो," राठोड म्हणाला. "घोडी विकून टाका. बंगळूरचा एक जण मागतोय. दोन रेस जिंकलेली घोडी आहे, आत्ता तिला मान आहे."

"विकायची? का?" श्वेता ओरडलीच.

"ही अर्ली टाइप आहे, मॅडम. लहानपणी पळतात आणि संपतात. दोन्ही रेसनंतर दुसऱ्या दिवशी तिने दाण्याला तोंड लावलं नाही. चांगला घोडा पळून आला की दुसऱ्या सकाळी गव्हाण चाटून पुसून साफ करतो. ही बाराशे मीटरमध्ये एवढी थकते, तर सोळाशेला काय करणार? ताकद नाही, नुसती घाई आहे."

प्रधानांनी मान हलवली. "ट्रेनर सांगतोय म्हटल्यावर आपण कोण? आपण म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे." विक्रीला चौघांच्या सह्या लागायच्या. श्रेयसने बाईंकडे बघितलं.

बाईंच्या कानात भलतंच काहीतरी वाजत होतं. लवकर होऊन गेलं. तोच निकाल, फक्त माणूस दुसरा. त्या तडक म्हणणार होत्या की माझी सही मिळायची नाही. पण तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यांना आठवली. त्या पहाटेच उठून, कुणाला न सांगता तबेल्यात गेल्या होत्या. तायडी जिंकली होती. घरातलं कुणी जिंकलं, पास झालं, तर तोंड गोड करायचं असतं. पदराखालून त्यांनी रव्याचे लाडू काढले होते. एकेक करत सगळा डबा.

बाईंनी समोर बघितलं. प्रधान बशीतल्या चहाकडे असे बघत होते, जणू त्यात मासळी आहे. श्वेता ओढणीचं टोक पिळत होती. इतकी वर्षं वर्गासमोर उभं राहिलेल्या बाईला चोराच्या मनातलं चांदणं लगेच दिसतं.

"राठोडसाहेब, पाच मिनिटांनी फोन करते," असं म्हणून त्यांनी फोन बंद करायला लावला. मग उठून उभ्या राहिल्या. "हात वर करा. रेसच्या दुसऱ्या दिवशी घोडीला कुणी काय भरवलं?"

आणि पहिला हात त्यांनी स्वतःचाच वर केला.

"बाई, तुम्ही?" श्रेयसच्या तोंडून निघालं, आणि त्या भरात त्याचाही हात वर गेला. त्याने केळी नेली होती, फणीच्या फणी. प्रधानांनी कोल्हापुरी गुळाची ढेप फोडून अर्धी भरवली होती, आणि ती सेंद्रिय असल्याचं ते आत्ताही ठासून सांगत होते. श्वेताने देवळातले पेढे नेले होते. "प्रसाद होता बाई, प्रसादाला नाही कसं म्हणणार?" प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी गेला होता. तायडीची निगा राखणाऱ्या साईस लवूने प्रत्येकाला कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता, आणि प्रत्येकाचा पाळला होता. पहिल्या रेसनंतरही हेच झालं होतं.

"मेल्यांनो," बाई म्हणाल्या, "पंगत जेवून उठलेल्या पोरीसमोर ताट ठेवतत नि म्हणतत जेवूक नाय!" राग आला की बाईंच्या तोंडी कुडाळ यायचं. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या. आपल्याच हाताने आपण तिला नापास करत होतो.

राठोडला त्यांनीच सांगितलं, काही न लपवता. तो इतका ओरडला की खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली. "पोटशूळ उठला तर घोडा मरतो, कळतं का तुम्हाला? तपासणीत काही सापडलं तर माझं लायसन्स जाईल! मला असले मालक नकोत. घोडी विका, नाहीतर घेऊन जा."

"चूक आमची आहे," बाई म्हणाल्या. "आम्हाला काय बोलायचं ते बोला. लवूला काही बोलायचं नाही, आम्ही मालक म्हणून त्याच्या डोक्यावर बसलो. पण शिक्षा तिला का?"

"लाडू बंद केल्याने दम येत नाही, बाई. मी चाळीस घोडे बघतो. ही अर्ली टाइपच आहे."

"तुमचा पुरावा लाडवांत गेला. आता नवीन पुरावा आणा. सोळाशेला पळवा तिला."

"आणि हरली तर? गिऱ्हाईक जाईल."

"तोवर थांबायला सांगा त्याला. आम्ही चौघं शर्यतीपर्यंत तबेल्याकडे फिरकणार नाही. पहिल्या दोनांत नाही आली, तर मी स्वतः पहिली सही करते. शब्द देते."

श्रेयसने कपाळाला हात लावला. नुकत्याच जिंकलेल्या घोडीला एवढ्या लांब पल्ल्याला घालायचं आणि वर असला शब्द द्यायचा म्हणजे आ बैल मुझे मार. पण गावडेबाईंचा शब्द मुलुंडमध्ये कसा असतो हे त्याला माहीत होतं. राठोडला कुणीतरी ते आधीच सांगितलं असावं. तो म्हणाला, "ठीक आहे."

शर्यतीच्या दिवशी चौघं रेलिंगला चिकटून उभे होते. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमधून तायडी गेली, तेव्हा बाईंना ती आणखीच लहान दिसली. बाजूचे घोडे तिच्यापुढे हत्ती होते.

फाटक उघडलं आणि तायडी नेहमीसारखी पुढे. हजार मीटरपर्यंत पुढेच. श्वेता नाचायला लागली. शेवटच्या वळणावर एका काळ्या घोड्याने तिला गाठलं, मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. बाराशेला ती चौथी होती, आणि जॉकी हलवून हलवून तिला पुढे काढायला बघत होता. प्रधान हळूच म्हणाले, "संपलं." बाजूच्या स्टँडमध्ये कुणीतरी मोठ्याने हसलं.

बाईंनी रेलिंग घट्ट धरलं. तायडीचं डोकं वर गेलं होतं, पावलं आखूड पडत होती. थकलेली मुलगी अशीच दिसते, बाईंनी हजारदा बघितलं होतं. त्यानंतर दोनच गोष्टी होतात. बहुतेक मुली बाजूला बघतात, आई कुठे आहे, बाई कुठे आहेत, आता थांबलं तर चालेल का. तायडीने कान मागे टाकले. डोकं खाली घातलं. पावलं पुन्हा लांबली नाहीत, तेवढा दम तिच्यात उरलाच नव्हता. पण ती आखूड पावलंच ती जोरात टाकायला लागली. तिसऱ्या घोड्याला तिने गाठलं. मागे टाकलं. दुसऱ्याच्या मांडीशी तिचं तोंड आलं, मग पोटाशी, मग मानेशी, आणि तिथे सोळाशे मीटर संपले.

तिसरी. मानेच्या अंतराने तिसरी.

बाई रडत होत्या. त्यांना रडताना श्रेयसने जन्मात बघितलं नव्हतं, म्हणून त्याला वाटलं, घोडी जाणार याचं दुःख आहे. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे बाई. प्रयत्न केला ना आपण."

"जाऊ दे काय? कोण जातंय?"

राठोड तोपर्यंत आलाच. मागोमाग लवू तायडीला घेऊन आला. तिच्या अंगावरून घाम निथळत होता आणि नाकपुड्या लाल झाल्या होत्या. "बाई," राठोड म्हणाला, जरा नरमाईनेच, "चांगली पळाली. पण दोनांत नाही आली. बंगळूरवाला अजून तयार आहे. सही उद्या करा, परवा करा."

"मी सही करणार नाही."

श्वेता चाचरत म्हणाली, "बाई, ठरलं होतं ना? तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले होते. ते मूर्खासारखं म्हणाले होते. पहिल्या दोनांत, म्हणे! कितवी आली हे बघायचंच नव्हतं, मागे पडल्यावर काय करते ते बघायचं होतं. ते बघितलं मी."

"रेसकोर्सवर माणसाच्या शब्दाला किंमत असते," राठोड म्हणाला. आता त्याचा आवाज नरम नव्हता.

"माझ्याकडेही असते. म्हणून तर मोडताना लाज वाटतेय मला. वाटू दे." बाईंनी डोळे पुसले नाहीत, तसेच राठोडकडे रोखले. "उद्या सगळं मुलुंड म्हणेल, गावडेबाईंनी शब्द फिरवला. भाचा म्हणेल, बहीण म्हणेल, सगळ्यांना म्हणू दे. शब्द माझा होता, मी वाईट ठरते. ती का म्हणून जाईल?"

"आणि पुढेही हरतच राहिली तर?"

"तर हरणारी घोडी माझी आहे म्हणून सांगेन सगळ्यांना. ओरडून सांगेन."

राठोडने तायडीच्या मानेवर हात ठेवला, तिचा श्वास बसतो का ते बराच वेळ बघत राहिला. मग त्याने लवूला सांगितलं, "उभी काय केलीस? फिरव तिला. आणि उद्या सकाळी तिची गव्हाण मला दाखव."