वेलांटी कुठे पडते?

“मॅडम, वेलांटी पळतेय,” फोनवर वंदनाताई म्हणाल्या. “दिवस लिहिलं की दविस दिसतं.”

वंदनाताई पनवेलच्या एका छोट्या ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये औषधं देतात. बाटलीवरचं लेबल त्याच टाइप करतात. आधी लेबलं इंग्रजीत निघायची आणि आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या पेशंटना ती वाचता यायची नाहीत. म्हणून डॉक्टरांनी मला बोलावलं. मी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या सपोर्टची कामं करते.

औषधांचा प्रोग्राम जुना, काळ्या स्क्रीनवर चालणारा. मशीनही जुनं, खिडक्या-माउसवालं काही त्याच्यावर चालेना. लिनक्सच्या साध्या कन्सोलला, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनला, देवनागरी येत नाही. म्हणून मी फ्रेमबफर टर्मिनल टाकलं. ते स्क्रीनवरचा एकेक ठिपका स्वतः रंगवतं, त्यामुळे कुठलाही फाँट चालतो. त्यावर इनपुट मेथड बसवली, म्हणजे दाबलेल्या बटणाचं मराठी अक्षर करणारा मधला प्रोग्राम. ‘गोळी’, ‘सकाळ’ छान उमटलं. मी घरी गेले.

अडचण ऱ्हस्व वेलांटीची होती. ती म्हणायची नंतर, पण काढायची अक्षराच्या आधी. प्रिंटर ती बरोबर जागी नेत होता. हे टर्मिनल मात्र अक्षरं आली तशी ओळीने मांडायचं.

“छापल्यावर नीट येईल,” मी फोनवर सांगितलं. “आधी अक्षर, मग वेलांटी. स्क्रीनकडे बघू नका.”

पण वंदनाताई टाइपरायटरवर शिकलेल्या. तिथे वेलांटी आधीच मारतात. शिवाय तसं केलं की स्क्रीनवर शब्द बरोबर दिसायचा. त्या तसंच टाइप करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा आपटा गावाहून आलेल्या एक आजी काउंटरवर बाटली घेऊन उभ्या होत्या. औषध गुळण्यांचं होतं. लेबलवर ‘गिळू नये’च्या जागी एक सुटी वेलांटी, तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ आणि पुढे ‘गळू नये’.

“बाय, या काय लिवलाय? गिलाचा हाय का नाय?” आजींनी विचारलं.

“नाही हो आजी! गुळण्या करायच्या आणि थुंकून टाकायचं,” वंदनाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी लेबल पाहिलं. “मॅडम, संध्याकाळपर्यंत जमतंय का सांगा. नाहीतर परत इंग्रजी.”

“इंग्रजी कोण वाचणार, सर?” वंदनाताई पटकन म्हणाल्या. “आत्ता निदान त्या विचारायला तरी आल्या.”

डॉक्टर बाटली काउंटरवर ठेवून आत गेले.

टर्मिनलला वेलांटी शिकवायला वेळ नव्हता. पण एक गोष्ट सोयीची होती. हा प्रिंटर लेबल चित्र म्हणूनच छापायचा. मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला. लेबलचं चित्र आधी तयार होईल, स्क्रीनवर मोठं दिसेल आणि एंटर दाबल्यावर तेच छापलं जाईल. टाइप करताना ओळ वेडीवाकडी दिसली तरी चालेल. खरं काय ते चित्रात दिसेल.

वंदनाताईंनी ‘गिळू नये’ जुन्या सवयीने मारलं. चित्रात वर्तुळ आलं. “अस्सं!” त्या म्हणाल्या, खोडलं आणि आधी ग मारला. पुढची लेबलं त्यांनी एकट्यांनी काढली. संध्याकाळी डॉक्टरांनी त्यातली चार-पाच वाचली आणि “राहू दे मराठी” एवढंच म्हणाले.

स्क्रीन टाइप करणाऱ्यासमोर असते, बाटली दुसऱ्याच्या घरी जाते. आता छापलेला कागद हातात घेऊन वाचल्याशिवाय मी काम झालं म्हणत नाही.