पुट ऑफ केलेल्या चपला

केनवडला आमच्या बचत गटाची अध्यक्ष म्हणजे माझी मोठी जाऊ. मागच्या वर्षी आम्ही दोघी रिसोडला इंग्रजी बोलायच्या क्लासला जायचो. सरांनी ‘पुट’ शिकवायला घेतलं. पुट म्हणजे ठेवणं, पुट ऑन म्हणजे अंगात घालणं. दुसऱ्या दिवशी जाऊ एका लग्नाला गेली आणि नेमका त्याच दिवशी पुट ऑफ झाला. त्याचा अर्थ पुढे ढकलणं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “आज काय शिकवलं वं?”

“पुट ऑफ. पुट ऑनच्या उलटं. घातलेलं काढून ठेवणं,” मी गंभीरपणे सांगितलं. वर्गात प्रत्येक उत्तर माझ्याआधी तीच द्यायची, त्याचा राग होता.

पंधरा दिवसांनी वाशीमहून एक मॅडम आमची लोणची-पापड बघायला येणार होत्या. त्या दिवशी सकाळीच जावेच्या फोनवर त्यांचा मेसेज आला, ‘टुडेज व्हिजिट पुट ऑफ.’

“आजच्या भेटीत काढून ठेवा म्हणते. काय काढून ठेवा?”

“चपला असतीन, बाई.”

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण भज्यांचं पीठ कालवून झालं होतं.

जावेनं समाजमंदिराच्या दारात उभं राहून एकेकीला चपला काढायला लावल्या आणि सगळ्या जोड्या ओळीत मांडल्या. बारा वाजले, एक वाजला. शेवटी तिनं मॅडमना फोन लावला. त्या मराठीतच म्हणाल्या, “अहो, भेट पुढे ढकलली म्हणून कळवलं होतं ना? सोमवारी येते.”

जावेनं सावकाश माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात भजं होतं.

“तुले माहीत होतं?”

मी होकारार्थी मान हलवली.

ती ओरडली नाही. मॅडमसाठी आणलेली शाल तिनं माझ्या खांद्यावर टाकली, मला खुर्चीवर बसवलं आणि बायांना सांगितलं, “मॅडम आल्या. आता त्या इंग्रजीत भाषण करून राह्यल्या.”

सुटका नव्हती. मला पुटशिवाय काही सुचेना. पुट द पापड हिअर, पुट द लोणचं देअर, असं मी घामाघूम होऊन दहा मिनिटं बोलले. बाया माना डोलवत ऐकत होत्या, मधूनच टाळ्या वाजवत होत्या. एकीनं तर शंका विचारली, तीही वऱ्हाडीत, आणि जावेनं मला तिचं उत्तर इंग्रजीतच द्यायला लावलं.

भाषण संपलं. जावेनं शाल काढून घडी घातली, उरलेल्या भज्यांचं ताट माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, “सोमवारी मॅडम खरंच येतीन. भजे तू एकटी करजो.”