किल्लीसकट कोठडीत

एकाहत्तरची लढाई संपली आणि माझं पोस्टिंग जबलपूरलाच झालं, युद्धकैद्यांच्या कॅम्पवर. घर तिथल्याच सदर भागात, सायकलवर जाण्याइतकं जवळ. वडील तोफांच्या कारखान्यात फिटर. लोक मला नशीबवान म्हणायचे. घरात मात्र तार येऊन पडली होती. माझा धाकटा भाऊ वसंत, शिपाई, पश्चिम आघाडीवर बेपत्ता.

"जिवंत आहे का नाही, हे काहून नाही सांगून राहिले?" आई विचारायची.

"पकडला गेला असेल. पकडलेल्याला मारत नाहीत, आई. नियम आहे."

नियम मला पाठ होता. कॅम्पवर आल्याआल्या तोच शिकवला होता. कैद्यानं नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख सांगायची. त्यापुढं तो बोलला नाही तरी त्याला हात लावायचा नाही. मी हवालदार, गार्ड कमांडर. कोठडीची किल्ली माझ्या पट्ट्याला असायची, आणि ड्युटी ऑफिसरच्या हुकुमाशिवाय ती कोणालाही द्यायची नाही.

एका सकाळी हजेरीच्या वेळी एका कैद्याच्या कपड्यांना ओली माती दिसली. कुठंतरी भुयार खणलं जात होतं. तो लान्स नाईक होता, वसंतच्याच वयाचा. त्यानं नाव-नंबर सांगितला आणि तोंड मिटलं. त्याला कोठडीत टाकलं.

थोड्या वेळानं सुभेदार साहेब आले, बरोबर दोन जवान. मला रायफल धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"शिंदे, अंदर जा. सुरंग कहाँ है, उगलवा इससे."

"साहब, मनाई है."

"तेरे भाई का क्या हुआ, भूल गया? ये हुकुम है. तुझसे नहीं होता तो चाबी दे."

माझीच निवड का झाली होती, ते मला तेव्हा कळलं. मारायची इच्छा नव्हती असं मी म्हणणार नाही. हात शिवशिवत होते. पण त्या पोराकडं पाहिलं आणि वाटलं, आत्ता या घडीला वसंतच्या कोठडीबाहेरही कोणीतरी किल्ली घेऊन उभा असेल.

मी दारावर पहारा देणाऱ्या संत्रीला म्हणालो, "ड्युटी ऑफिसर को बुलाओ. दौड़ के." मग आत शिरलो, गजांतून हात बाहेर काढून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"बाहर आ, शिंदे! कोर्ट मार्शल करवा दूँगा!"

मी भिंतीला टेकून बसलो. बाहेर माझीच माणसं शिव्या देत होती, आत शत्रू गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"आप क्यों अंदर आ गए?" त्यानं हळूच विचारलं.

"चुप बैठो."

ड्युटी ऑफिसर कॅप्टन साहेब आले. "अंदर कौन है?"

"दो आदमी, साहब. एक कैदी, एक गार्ड कमांडर," मी आतूनच म्हणालो.

त्यांनी एकदा सुभेदार साहेबांकडं पाहिलं, त्यांना आपल्याबरोबर यायला सांगितलं आणि मला म्हणाले, "ड्यूटी जारी रखो."

भुयार त्याच दिवशी बराकीची जमीन ठोकून सापडलं. कोणाला बोटही लावावं लागलं नाही.

पुढं कैद्यांची अदलाबदल झाली. तो लान्स नाईक धडधाकट घरी गेला. वसंत आला नाही. काही काळानं सरकारनं त्याला शहीद म्हटलं.

आईनं ते मानलं नाही. कोठडीतली ती गोष्ट मी तिला सांगितली होती. वसंतचा विषय निघाला की ती एवढंच विचारायची, "त्याच्याकडं तुझ्यासारखा कोणी असंल का रे, किल्लीवाला?"

"असेल, आई."

ती जाईपर्यंत मी हेच उत्तर दिलं. आता विचारणारं कोणी नाही, तरी वसंतच्या फोटोला हार घालताना माझ्या तोंडून निघतंच, असेल.