मोटारीचा फोन

गिऱ्हाईक सामान घेऊन जातं आणि किस्सा काउंटरवर ठेवून जातं. दिंडोरीत माझं पंपाच्या सामानाचं दुकान आहे. मोबाइल स्टार्टर आल्यापासून तर काउंटरवर जागाच उरली नाही! विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड असतं. फोन लावून एक दाबला की मोटार चालू, दोन दाबला की बंद. लाईट आली की मोटारच मालकाला फोन करते आणि बाईच्या आवाजात सांगते, "वीज आली आहे."

*

पहिला स्टार्टर माझ्या मित्राने, बाळूने नेला. नाशकात द्वारका चौकाजवळ एका लग्नाला गेला आणि मांडवात बसूनच त्याने द्राक्षबागेला पाणी सोडलं. आजूबाजूच्या पाहुण्यांना फोन दाखवून झाला. घरी येऊन बघतो तर बाग कोरडी आणि कांद्यात तळं! पाइपाचा कॉक कांद्याकडेच फिरवलेला राहिला होता.

"कॉकला पण सिम बसतं का रे?" त्याने मला विचारलं.

*

बाळूने मोटारीचा नंबर सेव्ह केला होता 'विहीरवाली' नावाने. दिवसाला सहा-सहा फोन! शेवटी बायकोने त्याच्याच मोबाइलवरून लावला.

"कोण गं तू?"

"मोटार चालू करण्यासाठी एक दाबा."

वहिनींनी रागारागाने दाबला. कांद्यात पुन्हा तळं!

*

एकदा बाळूची मोटार ढिम्म हलेना. मी चार माणसं लावून ती विहिरीतून वर काढली, खोलली. सगळं ठणठणीत. बाळूचे चुलते नाना काठावर बसून बघत होते.

"तिचा रिचार्ज हाय का?" त्यांनी विचारलं.

नव्हता. मी मोटार परत खाली सोडली.

*

नाना स्वतः मात्र स्टार्टर घेईनात. "हात लावल्याबिगर मोटार चालू झाली, हे मला पटत नाय." पुढे गुडघे लय दुखायला लागले, तेव्हा घेतला. आठवड्याने बघतो तर नाना पेटीला टेकून उभे आणि फोन कानाला!

"नाना, बटण समोरच आहे की!"

"थांब, ती बोलतीय."

*

यंदा मुलाने नानांना नाशकात सातपूरच्या फ्लॅटवर नेलं. बाग बाळू बघणार, म्हणून तो मला स्टार्टरमधून नानांचा नंबर काढून टाकायला सांगत होता. नानांचा चेहरा उतरला.

"बाग घे, विहीर घे. माझा नंबर तेवढा राहू दे."

मी दोघांचेही नंबर ठेवले.

परवा सातपूरला गेलो, तेव्हा नानांकडे डोकावलो. टीव्ही चालू, पंखा चालू, स्वयंपाकघरात मिक्सर चालू. तेवढ्यात नानांचा फोन वाजला. त्यांनी हात वर केला. सुनेने मिक्सर थांबवला. नानांनी नीट ऐकून घेतलं आणि घरभर सांगितलं, "लाईट आली!"

"आली का नाना? बरं झालं," सून म्हणाली, आणि तिने मिक्सर पुन्हा चालू केला.