दुसरीच्या कार्डावरचं रक्त

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी धुकं. दहाला दवाखान्यात नोंदी करायला पोचले. एकोणतीस बायका तपासल्या. सदतीस नंबरचं कार्ड दुरुस्त केलं.

त्या कार्डाची गोष्ट, नंतर मला कळली ती अशी. गोळीबारातून पळून आलेली माणसं शाळेच्या वर्गांत राहत होती. चार नंबरच्या वर्गात दोघी जावा होत्या. धाकटी तीन आठवडे मागून आली, त्यामुळे तिचं रेशन-दवाखान्याचं कार्ड झालंच नव्हतं. तिथं कार्ड उसनं घेणं म्हणजे शेजारी वाटीभर साखर मागण्यासारखं. रक्ततपासणीच्या दिवशी तिनं थोरलीचं कार्ड नेलं.

आज सिस्टरबाईंनी थोरलीला दाराशी गाठून हळूच निकाल सांगितला. ती हसतच वर्गात आली.

"ऐकलंस? मला म्हणे गरमीचा, तो बाहेरख्यालीचा आजार झालाय. तुझे भाऊजी गुडघे धरून बसलेले असतात, त्यांना कुठून सुचायचं असलं?"

बोलता बोलता तिचं हसू विरलं. रक्त धाकटीचं होतं; तिनं पोटावर हात ठेवला होता. पाचवा महिना चालू होता, आणि नवरा रस्त्याच्या कामावरून पंधरवड्यातून एकदा यायचा.

"इंजेक्शन मीच घेते," थोरली कुजबुजली. "कार्ड बदललेलं कळलं तर रेशन तोडतील. माझी तीन पोरं आहेत, बाई."

"आणि माझ्या पोटातलं?"

 थोरलीनं कार्ड पदराखालून काढून धाकटीच्या हातात दिलं. "जा. पण माझंच नाव सांग."

टेबलापाशी धाकटीनं कार्ड पुढे केलं. तिथं दुसऱ्या सिस्टरबाई होत्या; त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. "ऑपरेशन झालंय ना तुमचं? मग दिवस जायचा प्रश्न नाही."

'हो' म्हटलं असतं तर सुटली असती. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"रक्त माझं आहे. कार्ड जाऊबाईंचं. पाचवा महिना लागलाय मला. त्यांचं रेशन तोडू नका."

"रेशनची खिडकी तिकडे. इथं आम्ही रक्त बघतो. बस."

"बाळाला लागलं असेल?"

"लागू नये म्हणूनच इंजेक्शन देतेय. पुढच्या मंगळवारी पुन्हा यायचं. आणि नवऱ्याला घेऊन ये, नाहीतर त्याच्याकडून पुन्हा तुलाच होईल."

"त्यांना कसं सांगू? मारतील."

"तू काही बोलू नकोस. नुसता घेऊन ये. सांगायचं ते मी सांगेन."

थोरली दारातच उभी होती. "रेशन?"

"नाही तोडणार."

"आणि बाळ?"

"जन्मल्यावर त्याचंही रक्त तपासणार आहेत," धाकटी म्हणाली आणि बोटांवर महिने मोजू लागली. दोनदा चुकली.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं : धाकटीच्या बाळासाठी जुन्या चादरीची आठ दुपटी निघाली. पांढरा दोरा संपला.