वटवट्याची गैरहजेरी

पाखरांवर आमच्या आतोबांइतका हक्काने रुसणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा झाला नसेल. पौडच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केल्याने हजेरी घेणं त्यांच्या अंगात भिनलं होतं. निवृत्त झाल्यावर मुलं संपली, तेव्हा त्यांनी पाखरं धरली. कोकीळ वेळेवर बोलला नाही तर वहीत ‘आळशी’ असा शेरा पडे. नवरंग एकदा आठवडाभर उशिरा आला, तर दोन दिवस ते आत्याशीसुद्धा बोलले नाहीत. घरातल्या जाड गोधड्या निघायच्या त्या थंडी पडल्यावर नव्हे, तर ओढ्यावर धोबी पक्षी शेपूट हलवताना दिसल्यावर. आत्या बिचारी कुडकुडत म्हणायची, “अहो, त्या धोब्याला एक कार्ड तरी टाका.”

त्यांचा लाडका सिद्धांत असा, की हिमालयातून येणारी पाखरं आधी पौडला उतरतात आणि भुकूम, बावधन करत बरोबर तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या एका मोठ्या बागेत पोचतात. याचा पडताळा घ्यायला ते रविवारी पहिल्या एस.टी.ने पुण्याला येत. मी पुण्यातच नोकरीला होतो, त्यामुळे बाकावर शेजारी बसून वही धरायचं काम माझ्याकडे. स्वतः ते डोळे मिटून बसत. डोळ्यांनी पाखरू ओळखणं म्हणजे त्यांच्या मते शेजाऱ्याचं बघून पास होणं.

एका वर्षी दिवाळी झाली तरी वटवट्याची नोंद होईना. वटवट्या म्हणजे अंगठ्याएवढं हिरवट पाखरू. पानांत ते दिसतच नाही, बारीक आवाजावरूनच ओळखायचं. पौडात नाही, बागेतही नाही. आतोबांनी सगळा दोष बागेच्या माळ्यावर ठेवला. त्याने फांद्या छाटल्या म्हणून पाहुणे परत गेले, असा चार पानी अर्ज त्यांनी बागेच्या साहेबांसाठी लिहून आणला. माळी मुळशीकडचाच, साधा माणूस. त्याने मला बाकामागच्या चिंचेखाली बाजूला घेतलं.

“सकाळधरनं डोक्यावर वरडतुया त्यो,” तो हळूच म्हणाला. “मास्तरास्नीच ऐकू येत न्हाई. तुमी सांगा, न्हाईतर माझी चाकरी जायाची.”

मी कान दिला. खरंच, वर चिंचेत बारीक, लांबट आवाज चालला होता. मला फार वाईट वाटलं. मोठा आवाज आतोबांना छान ऐकू यायचा, म्हणून आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पण माळ्याच्या पोटावर पाय येऊन चालणार नव्हतं. बाकापाशी जाऊन मी कसंबसं सांगून टाकलं.

 आतोबांनी अर्जाच्या चार घड्या करून तो खिशात घातला आणि माळ्याला हाक मारून त्याच्यापुढे सरळ हात जोडले. तो बिचारा लाजून पळाला.

“कसा ओरडतोय?” वर चिंचेकडे बोट करत त्यांनी मला विचारलं.

मी तोंडाने आवाज काढून दाखवला.

“तो असा ओरडत असेल तर त्याला पडसं झालंय,” आतोबा म्हणाले. मग त्यांनी ओठ आवळले आणि तोंडाच्या सवयीने अगदी हुबेहूब बारीक शीळ घातली. वरून लगेच उत्तर आलं.

आतोबा माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मी मान हलवली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.